शनिवार, दुपारी तीन

जानेवारीत शर्ट वाळत नाहीत, गोठतात.
अकराच्या अकरा दोरीवर ताठ,
बाह्या पसरून, जणू रेफरीशी हुज्जत घालतायत.
नऊ नंबरचा काढताना मोडतो की काय वाटलं,
म्हणून आधी त्याला कुशीत धरलं
आणि मग घडी घातली.

सत्तावीस वर्षं धुतेय मी किर्कहॉल्मचा चिखल.
ऑगस्टचा साधा असतो, एका पाण्यात जातो.
डिसेंबरचा काळा, चिवट, त्यात रेती आणि मीठ;
समुद्र दोनच गल्ल्या पलीकडे आहे ना.
कधी मोज्याच्या आत रक्त.
त्याला गारच पाणी लागतं.
गरम लावलंत की डाग बसला कायमचा.
माझी बोटं त्या गार पाण्यातच म्हातारी झाली.

तर सभा भरली. क्लबची खोली, हीटर एकच,
आणि तो अध्यक्षांच्या पायाशी.
विषय: हिवाळ्यात तीन आठवडे लीग थांबवावी का,
आपल्या क्लबचं मत काय कळवायचं.
फिजिओ कॅट्रिओना कागद घेऊन आली होती,
कुणाची मांडी कधी धरली, कुणाचा घोटा कितव्यांदा मुरगळला.
नावं घेतली नाहीत तिनं,
मी मोज्यांवरून ओळखले सगळे.
खजिनदार म्हणाले, नाताळानंतरची गर्दी
म्हणजे आपलं वर्षाचं वीजबिल.
कुणी म्हणालं, जर्मनीत थांबवतात.
मागून आवाज आला, जर्मनीत गाड्याही वेळेवर येतात.
हशा झाला, खिडक्यांवर वाफ धरली.

टॉर्किल मैदान राखतो. बोलत नाही सहसा.
त्या दिवशी उठला, टोपी काढली:
"गवत झोपलंय.
झोपलेल्याच्या अंगावर बावीस माणसं नाचवता तुम्ही."
आणि बसला खाली.

मला कुणी विचारलं नाही, मी कप भरत होते.
विचारलं असतं तर हात वर केला असता,
निदान भेगा दिसाव्यात म्हणून.
ठराव झाला, एका मतानं. इतर क्लबांतही झाला असावा,
कारण लीग थांबली.

पहिला मोकळा शनिवार.
मशीन गप्प. रिकाम्या दोरीवर एक सीगल, तोही कंटाळलेला.
मी चादरी धुतल्या, स्वच्छच होत्या.
पडदे उतरवले, परत लावले.
पावणेतीनला पाय आपले आपणच निघाले.

मैदानाला कुलूप.
आणि कुलपासमोर मिस्टर गेडिस,
मफलर, थर्मास, हंगामाचा पास कोटाला टाचलेला.
नोव्हेंबरात त्यांची उना गेली.
"आज मॅच नाही, ठाऊक आहे मला,"
मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले.
"पण घरात तीनचे ठोके फार मोठ्यानं पडतात."

थर्मासचं झाकण त्यांनी माझ्या हातात दिलं.
चहा इतका गोड की दात शिवशिवले.
दोघांची साखर घालायची सवय
अजून सुटली नव्हती.

गजांतून टॉर्किल दिसत होता,
पांढऱ्या मैदानावर वाकलेला,
काट्यानं भोकं पाडत, एक, मग दुसरं, मग पाऊल पुढे.
काय करतोय तो? गेडिसनी विचारलं.
हवा देतोय खाली, मी म्हटलं.
बराच वेळ आम्ही ते बघत राहिलो,
बाकी बघण्यासारखं काही नव्हतंच.
पाऊण तासानं ते म्हणाले, "मध्यंतर."
आम्ही दोघांनी पाय आपटले.

पुन्हा सभा भरली, आणि मला विचारलंच,
तर काय सांगावं ते मला अजून कळत नाही.
माझी बोटं आठवडाभरात भरून आली, हे खरं.
त्यांचा तो आठवडा कसा गेला
हे मी विचारलं नाही, हेही खरं.

उजेड जाऊ लागला तसा टॉर्किल आला,
किल्ल्यांचा जुडगा शोधत,
छोटं फाटक उघडून धरलं.
स्टँडमध्ये बसा हवं तर, म्हणाला,
पण कडेकडेनं जा.
आणि हळू बोला जरा.